कंपनीच्या सीएसआरमधून गावाचं काम कसं करून घ्यायचं: ग्रामपंचायतीसाठी अर्जापासून हस्तांतरणापर्यंत

सरपंचांच्या लेटरहेडवर चार ओळी, "आपल्या सामाजिक दायित्व निधीतून आमच्या गावास यथाशक्ती सहकार्य मिळावे ही नम्र विनंती", खाली सही, गोल शिक्का आणि सोबत तेरा कामांची यादी, त्यात पहिली गावाची कमान आणि शेवटची ॲम्ब्युलन्स. असे अर्ज मी स्वतः लिहिलेत. दोन वर्षांत सात-आठ तरी दिले असतील, गेटवर पोच घेतली, एकाचंही उत्तर आलं नाही. मग एका कंपनीत सीएसआर, म्हणजे हाच सामाजिक दायित्व निधी, बघणाऱ्या मॅडमनी कपाटातली फाईल काढून दाखवली, सगळे असेच अर्ज, आणि म्हणाल्या, "दादा, यातलं मी बोर्डाला काय सांगू?" तेव्हा कळलं की आपण देणगीदाराला पत्र लिहीत होतो, आणि समोर बसलेला माणूस देणगीदार नव्हताच, तो पण कुणाला तरी उत्तर देणारा नोकरदार होता.

खाली जे लिहितोय ते महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती डोळ्यासमोर ठेवून, पण नगरपंचायतीलाही बरंचसं चालेल.

आधी कायदा, पण कामापुरता

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीची नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, या तिन्हीतलं एक जरी असेल तरी तिला सीएसआर लागू. आणि किती खर्च करायचा, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के. म्हणजे समजा एखाद्या कंपनीचा नफा तीन वर्षांत ६, ९ आणि १२ कोटी झाला, तर सरासरी ९ कोटी आणि सीएसआर झाला १८ लाख. हा नफा कायद्यात सांगितलेल्या पद्धतीने काढतात त्यामुळे पेपरात छापून येतो तोच आकडा असेल असं नाही, पण अंदाजाला पुरतं. हे गणित घरीच करून जा. १८ लाखवाल्या कंपनीकडे दोन कोटींचा पाण्याचा प्रोजेक्ट घेऊन गेलात की पहिल्याच मिनिटाला कळतं की तुम्ही काही बघून आलेला नाही.

कंपनीने कशावर खर्च करायचा ते कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलंय. आरोग्य, पोषण, स्वच्छता, पिण्याचं पाणी, शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण, महिला, पर्यावरण, ग्रामीण खेळ, ग्रामविकास, आपत्ती वगैरे. यादी बरीच मोठी आहे आणि गावाची बहुतेक खरी कामं तिच्यात बसतात. मंदिराचा सभामंडप बसत नाही. जयंतीचा कार्यक्रम, एक दिवसाची मॅरेथॉन, कुस्त्यांचं बक्षीस, हे पण नाही. गावाच्या कमानीचा तर विषयच सोडा, मी तीन वर्षं मागून बघितलीय.

अजून एक गोष्ट जी गावात कुणालाच पटत नाही. कंपनीने दुसऱ्या कुठल्या कायद्याने करायचं बंधन असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. कंपनीचं सांडपाणी ओढ्यात येतंय तर ते थांबवणं ही तिची कायद्याने जबाबदारी, त्याचा आणि सीएसआरचा संबंध नाही. पर्यावरण मंजुरीतल्या अटींचंही तसंच. त्यामुळे प्रदूषणाची तक्रार असेल तर ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळी करा, आणि "ओढ्याचं सोडतो पण शाळा बांधून द्या" असला व्यवहार करू नका, दोन्हीकडून फसाल.

आणि "स्थानिकांचा हक्क आहे" हे वाक्य. कायद्यात लिहिलंय खरं की कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, पण केंद्र सरकारने २०२१ साली स्पष्टच केलंय की ते दिशादर्शक आहे, सक्तीचं नाही. मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून हक्क मागणाऱ्या सदस्याला घरी ठेवून जा.

कोणाकडे जायचं

जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांची नावं काढा. पाटी बघून नाही, कारण गेटवरची पाटी आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव बऱ्याचदा वेगळं असतं आणि मुख्य ऑफिस मुंबईला, पुण्याला नाहीतर चेन्नईला. नाव मिळालं की सरकारचं नॅशनल सीएसआर पोर्टल आहे, तिथे कंपनीने कुठल्या वर्षी, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या विषयावर किती खर्च केला ते दिसतं. मग कंपनीची वेबसाइट. सीएसआर कमिटीत कोण आहे, पॉलिसी काय, बोर्डाने मंजूर केलेले प्रोजेक्ट कुठले, हे वेबसाइट असेल तर त्यावर टाकणं कंपनीला बंधनकारक आहे. पॉलिसी वाचा. ज्या कंपनीने तीन वर्षं फक्त शिक्षणावर खर्च केलाय तिच्याकडे स्मशानभूमीचं शेड मागून वेळ घालवू नका.

जवळ मोठी कंपनी नाही म्हणून हातपाय गाळू नका. ५ कोटी नफ्याच्या पट्ट्यातल्या मध्यम कंपन्या भरपूर असतात, त्यांच्याकडे वेगळा सीएसआर विभाग नसतो, आणि वर्षाची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी कमिटीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. अशा ठिकाणी मालक किंवा सीएफओ (कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी) स्वतः भेटतो आणि निर्णय पटकन होतो. मोठ्या नावामागे सगळा तालुका धावतो, या लोकांकडे कुणी जात नाही.

मोठ्या कंपनीत मात्र तुमच्या ओळखीचा जो एचआर मॅनेजर आहे, जो १५ ऑगस्टला गावात झेंडावंदनाला येतो, तो ठरवत नाही. शिफारस करतो. ठरवणारे हेड ऑफिसला. त्याच्याशी संबंध चांगले ठेवाच, पण त्याला विचारा की आमचा कागद वर कोणाकडे, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या नमुन्यात जातो. हे तीन प्रश्न विचारणारा सरपंच त्याने क्वचित बघितलेला असतो.

महिना महत्त्वाचा आहे. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि कमिटीला वर्षाचा कृती आराखडा करून बोर्डाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे पुढच्या वर्षाची जुळवाजुळव साधारण दिवाळीनंतर सुरू होते. तुम्ही जूनमध्ये गेलात तर गाडी निघून गेलेली असते. बरेच जण सांगतात मार्चमध्ये जा, पैसे उरलेले असतात. पूर्वी तसं व्हायचंही. आता उरलेल्या पैशाचे नियम कडक आहेत, चालू प्रोजेक्टचा पैसा असेल तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्चायचा आणि तसा नसेल तर सहा महिन्यांत सरकारने ठरवलेल्या फंडात भरायचा, नाही भरला तर त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, जे कमी असेल तेवढा दंड, आणि जबाबदार अधिकाऱ्यालाही वेगळा दंड. त्यामुळे तो माणूस कागदासाठी एवढा का मागे लागतो ते समजून घ्या, हौस म्हणून नाही लागत.

काम निवडणं, म्हणजे तेरातली बारा खोडणं

यादी देऊ नका. एक काम द्या.

कुठलं द्यायचं हे ठरवायला मी आता एकच प्रश्न विचारतो, हे काम झाल्यावर ते चालवायचा खर्च दर महिन्याला कोण करणार? आमच्याकडे एका कंपनीने पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट दिला. चांगलं मशीन, शेड, टाकी, फित कापली, पेढे वाटले. मीटर घेतलं होतं बसवणाऱ्या ठेकेदाराच्या नावावर, तेही तात्पुरतं म्हणून. तीन महिन्यांनी बिल आलं, ते कुणी भरायचं यावर मासिक सभेत दोनदा चर्चा झाली, ठराव झाला नाही, वीज तुटली. मेम्ब्रेन, म्हणजे आतला पाणी गाळणारा पडदा, वाळून गेलं. वर्षभराने कंपनीचे लोक बघायला आले तेव्हा शेडमध्ये कडबा होता. चूक शंभर टक्के आमची, पण त्यानंतर त्या कंपनीने आमच्या बाजूच्या गावालाही पाण्याचं काम दिलं नाही, आणि त्यांनी तरी का द्यावं.

म्हणून पाणी, सोलर, ई-लर्निंग, जिम असलं काहीही मागायच्या आधी वर्षाचा चालवण्याचा खर्च कागदावर मांडा. वीज, पार्ट, माणूस, साफसफाई. तो कुठून येणार ते लिहा, वापरणाऱ्यांकडून, पाणीपट्टीतून की ग्रामनिधीतून. बचत गट चालवणार असेल तर गटाशी आधी बोला, परस्पर त्यांचं नाव टाकू नका.

दुसरं म्हणजे सरकारी योजनेतून जे मिळणारच आहे ते मागू नका. जलजीवनमधून नळ येणार असतील तर कंपनीकडे नळ नको, स्रोत बळकट करायचं काम मागा, ओढ्याचा गाळ काढणं, जुने बंधारे दुरुस्त करणं. सरकारचं म्हणणंच आहे की सीएसआर हा सरकारी योजनेतली तूट भरायचा निधी समजू नये. त्यामुळे तुमचा ग्रामपंचायत विकास आराखडा, तोच "आमचं गाव आमचा विकास"वाला, उघडा आणि त्यातलं असं काम शोधा जे आराखड्यात आहे पण ज्याला कुठलाच निधी बसत नाही. हे कंपनीला फार आवडतं, कारण काम गावाने आधीच ठरवलेलं आहे, त्यांच्यासाठी रातोरात सुचलेलं नाही, हे कागदावर दिसतं.

जागा आणि ठराव

निम्मी कामं इथे अडकतात म्हणून जरा थांबून सांगतो.

सीएसआरमधून कायमची मालमत्ता तयार झाली, म्हणजे इमारत, टाकी, मशीन, तर ती कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. ती सीएसआर नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडेच असावी लागते, आणि ग्रामपंचायत, जिल्हा परिषद हे त्या शेवटच्या प्रकारात येतात. कंपनीच्या वार्षिक अहवालात अशा मालमत्तेचा पत्ता, पिनकोड, रक्कम आणि नोंदणीकृत मालक असे चक्क रकाने आहेत. तिथे काय भरायचं हे त्या मॅडमला तुम्हीच पुरवायचंय.

तेव्हा जागा कुणाची ते आधी बघा. गावठाणातली ग्रामपंचायतीची असेल तर नमुना ८ चा उतारा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावावर बांधकाम होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव लागतो, त्यात वर्ष जाऊ शकतं. कुणी भाऊ "माझ्या शेतात बांधा, मी जागा देतो" म्हणाला तर बक्षीसपत्र नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नका, आज देतो म्हणणाऱ्याचा मुलगा उद्या कुलूप लावतो. शाळेची खोली असेल तर शाळा जिल्हा परिषदेची, ग्रामपंचायतीची नाही, म्हणून शिक्षण विभागाची परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. जुनी खोली पाडून नवी बांधायची असेल तर आधी तिचं निर्लेखन, म्हणजे सरकारी दप्तरातून ती कमी करायचा आदेश. कंपनी पैसे घेऊन उभी आहे आणि निर्लेखनाचा आदेश नाही म्हणून वर्ष वाया गेलं असं मी दोन ठिकाणी बघितलंय, आणि दोन्हीकडे शिव्या कंपनीने खाल्ल्या.

ठराव मासिक सभेचा पण घ्या आणि ग्रामसभेचा पण. ग्रामसभेला गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली कमी असेल ती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हे सगळ्यांना माहितीय आणि म्हणूनच बरेच ठराव तहकूब सभेतले असतात, चालतात, पण अकरा सह्यांचा ठराव बघून कंपनीवाल्याला जे समजायचं ते समजतं. ठरावात तीनच गोष्टी नीट येऊ द्या: काम आणि जागा गट नंबरासकट, काम पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायत ताब्यात घेईल, आणि चालवण्याचा खर्च कुठल्या शीर्षातून होईल.

प्रस्ताव

चार पानं. पाचवं पान कुणी वाचत नाही.

पहिल्या पानावर अडचण, आकड्यात. "विद्यार्थ्यांची गैरसोय होते" असं नको, "पहिली ते चौथीचे ८६ विद्यार्थी दोन खोल्यांत बसतात, पावसाळ्यात एक खोली गळते" असं. आकडे तुमच्याकडेच आहेत, शाळेच्या पटावर, अंगणवाडी ताईंच्या रजिस्टरमध्ये, उपकेंद्रात, ते घेऊन या फक्त. दुसऱ्या पानावर काम, जागा, नकाशा, फोटो. फोटो मोबाइलचे चालतील पण फ्रेममध्ये सदस्य मंडळी रांगेत उभी नकोत.

तिसऱ्यावर पैसे. अंदाजपत्रक पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याकडून करून घ्या, निदान तपासून तरी. गावातल्या ठेकेदाराच्या वहीच्या पानावरचा आकडा देऊ नका, त्यातून तो ठेकेदार उपसरपंचांचा मेहुणा असेल तर अजिबात नको, हे बाहेर येतंच. आपला वाटा लिहा. जागा, श्रमदान, पाण्याचं कनेक्शन, मुरूम, जे काही असेल ते, पण खरं. दहा टक्के वाटा टाकणारं गाव आणि काहीच न टाकणारं गाव यात कंपनी कोणाला निवडेल हे सांगायला नको. चौथ्यावर वर्षाचा देखभालीचा हिशोब, जो तुम्ही आधीच केलाय, आणि काम झालं हे कशावरून मोजायचं ते. खूप मोठं काही नको, पटावरची हजेरी, उपकेंद्रातली अतिसाराची नोंद, टँकरच्या खेपा, असं जे आधीपासून कुठेतरी लिहिलं जातंय तेच घ्या. ज्या कंपन्यांचा सीएसआर सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे त्यांना १ कोटी आणि वरच्या प्रोजेक्टचं स्वतंत्र मूल्यमापन करून घ्यावं लागतं, तेव्हा सुरुवातीचे आकडे नसले की सगळ्यांची पळापळ होते.

ग्रामसेवकांना, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, या सगळ्यात पहिल्या दिवसापासून घ्या. सरपंच बदलतो, निवडणूक लागते, कागद सांभाळणारा तोच. आणि गटविकास अधिकाऱ्यांना एक प्रत द्या, नंतर "आम्हाला विचारलंच नाही" नको.

पैसा कसा येतो

येत नाही, हे आधी गावाला सांगा. बहुतेक कंपन्या ग्रामपंचायतीच्या खात्यात रक्कम टाकत नाहीत, एकतर स्वतः काम करून देतात नाहीतर संस्थेमार्फत. ट्रस्ट किंवा सोसायटीला काम द्यायचं तर ती कंपनी कायद्याखाली सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदलेली हवी, हे १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. बाहेरची संस्था असेल तर तिच्याकडे आयकर खात्याची १२अ आणि ८०जी नोंदणी पण हवी, आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव. त्यामुळे "आपणच एक संस्था काढू, पैसे तिच्यात घेऊ" ही जी कल्पना प्रत्येक गावात कुणाला तरी सुचते ती तिथेच थांबवा.

माझं मत विचाराल तर पैसे खात्यात न येणंच बरं. आले की खरेदीचे नियम, निविदा, लेखापरीक्षण, आणि मुख्य म्हणजे गावातलं राजकारण. वस्तू आली, काम झालं, ताबा घेतला, विषय संपला. संस्था मात्र डोळे उघडे ठेवून बघा, तिने आधी जिथे काम केलंय त्या गावच्या सरपंचांना फोन करा, कंपनीला विचारायच्या आधी.

बांधकाम परवानगी, नाहरकत, करआकारणी असा कुठलाही विषय कंपनीचा तुमच्याकडे चालू असेल तर त्या बैठकीत सीएसआर काढू नका, उलटंही नाही. ते वसुलीसारखं दिसतं, आणि खरं सांगायचं तर असतंही. घरपट्टी थकली असेल तर नोटीस द्या, कायद्याने वसूल करा, तो वेगळा टेबल.

करार

तिघांचा करा, कंपनी, संस्था, ग्रामपंचायत. कंपनी मसुदा पाठवते, इंग्रजीत, वीस पानांचा. मराठी करून मागा आणि सभेत वाचा, निदान कामाची व्याप्ती, मुदत, ताबा कधी, वॉरंटी कोणाच्या नावाने आणि किती, काम अर्धवट राहिलं तर काय, एवढी कलमं. बोअर घेतलं आणि पाणी लागलं नाही तर पुढे काय हे आधी लिहिलं नाही तर नंतर भांडण ठरलेलं. प्रोजेक्ट एकापेक्षा जास्त वर्षांचा असेल तर कंपनीला तो सुरू झालेलं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालवता येतो, म्हणून टप्पे पाडून मागायला लाजू नका.

वीज मीटर ग्रामपंचायतीच्या नावावर. हे करारात लिहा. का ते वर सांगितलंय.

काम चालू असताना आणि नंतर

पाच जणांची समिती करा, त्यात दोन बायका आणि एक असा माणूस जो तुमच्या विरोधी गटातला आहे. तो रोज साइटवर जाऊन खोड्या काढतो, आणि सिमेंट कमी पडलं तर पहिला तोच ओरडतो. फुकटचा सुपरवायझर. दर आठवड्याला दोन फोटो आणि दोन ओळी कंपनीच्या व्हॉट्सॲपवर टाका, मागायची वाट बघू नका. त्यांच्या सीएफओला पैसे ठरल्याप्रमाणेच वापरले गेल्याचं प्रमाणित करावं लागतं, तुमचे फोटो तिथपर्यंत जातात.

उद्घाटनाला कंपनीचे साहेब बोलवा, लोकप्रतिनिधींना बोलवा, पण पाटीवर नावं किती आणि कोणाची हे महिनाभर आधी ठरवून लेखी घ्या. हसू नका, एक वाचनालय सहा महिने पाटीमुळे बंद होतं.

ताबा घेताना हस्तांतरणपत्र, बिलांच्या प्रती, वॉरंटी कार्ड, सर्व्हिसवाल्याचा नंबर, नकाशा हे सगळं एका फाईलमध्ये आणि मालमत्ता रजिस्टरला नोंद त्याच आठवड्यात. देखभालीची रक्कम पुढच्या बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा, "इतर खर्च"मध्ये लपवू नका. आणि वर्षाने, कुणी मागितलेलं नसताना, त्या मॅडमना एक पानाचा कागद पाठवा: प्लांट किती दिवस चालला, किती दिवस बंद होता आणि का, पैसे किती जमले, किती खर्च झाले. बंद होता ते लपवायचं नाही. आम्ही दुसऱ्या एका कामाचा असा कागद पाठवला, त्यात मोटर जळून अकरा दिवस बंद हे पण लिहिलं होतं, तर चार दिवसांनी फोन आला, पुढच्या वर्षीच्या आराखड्यासाठी तुमच्याकडे काही आहे का म्हणून.